भुंकलं ते धरलं

"उद्यापासून वखारींच्या गल्लीनं जाऊ नकोस."

"का? कुत्री भुंकायला लागली की काय तिथली?"

"भुंकत नाहीत. म्हणून तर सांगतोय."

बायकोनं ताटावरून मान वर केली आणि नवऱ्याकडं असं बघितलं, जसं उतू गेलेल्या दुधाकडं बघतात. "अहो, तोंडावर पाणी मारून या जरा. लग्न झाल्यापासून तुम्हीच माझ्याकडून घोकून घेतलंत. भुंकलं तर थांब, गुरगुरलं तर पाठ न दाखवता मागं सर, गप असेल तर खुशाल जा. आता गप आहेत, तर म्हणता जाऊ नको. उद्या म्हणाल, चूल विझलीय, जवळ जाऊ नको, हात भाजेल."

"मोठ्या रस्त्यानं जा. जरा लांब पडेल, एवढंच."

"जरा? टोपली तुमच्या डोक्यावर असते का माझ्या? मोठ्या रस्त्यानं गेले तर पाव गार होतो. गार पाव घेऊन कोणी चहावाला माझी आरती ओवाळणार नाही. दुसऱ्या बेकरीचा माणूस सायकल घेऊन टपलेलाच आहे."

त्यानं घास तोंडात घातला आणि चावत बसला. एक गोष्ट सांगितली असती तर वाद तिथंच संपला असता. पण ती गोष्ट त्यानं घासाबरोबर गिळून टाकली. बेकरीच्या फाटकावर बसणारी म्हातारी कुत्री त्यानं त्याच दुपारी गाडीत घातली होती. बायकोला याचा पत्ता नव्हता.

त्याला सगळे भुंक्या म्हणत. सासुरवाडीची माणसंसुद्धा, आधी पाठीमागं आणि मग तोंडावर. त्याचं त्याला कधी वाईट वाटलं नाही, कारण त्या भुंकण्यावरच त्याचं घर उभं होतं.

बाप शेरडं राखायचा. पोरगा दिवसभर त्यांच्यामागं माळावर. बोलायला माणूस नाही, म्हणून हा पलीकडच्या वस्तीवरच्या कुत्र्यांशी बोलायला लागला. हा इकडून भुंकायचा, ती तिकडून. हळूहळू त्याला त्यातले फरक कळायला लागले. दारात अनोळखी पाऊल पडलं की कुत्रं तुटक आणि घाईनं भुंकतं. लांबून काही येत असलं, तर थांबून थांबून, मान वर करून. दुसऱ्या कुत्र्यानं हद्द ओलांडली, तर आवाज पोटातून येतो. हे सगळे आवाज त्याच्या गळ्यात बसले. बाप म्हणायचा, कार्टं शाळेत गेलं असतं तर एवढ्यात पाढे पाठ झाले असते.

पुढं शेरडं विकली गेली आणि तो शहरात आला. पालिकेच्या कुत्रागाडीवर माणसं घेत होते. मुकादम टेबलापाशी चहा पीत बसला होता. म्हणाला, तुला काय येतं? हा भुंकला. बाहेर खांबाला बांधलेल्या कुत्र्यानं उत्तर दिलं, मग कचेरीच्या मागून एकानं, मग रस्त्यापलीकडून तिघाचौघांनी. मुकादमानं कप खाली ठेवला. पुढचं काही विचारलंच नाही.

तेव्हापासून कामाची पद्धत तीच. गाडी लांब उभी करायची. भुंक्यानं गल्लीच्या तोंडाशी जायचं, तोंडाला हाताचा पडदा करायचा आणि परक्या कुत्र्यासारखं भुंकायचं. आपल्या हद्दीत कोण शिरलं म्हणून गल्लीतली कुत्री चवताळून ओ देत. एक जिन्याखालून, एक हातगाडीच्या सावलीतून, एक गच्चीवरून. आवाजावरून भुंक्याला कळायचं की कोणतं जून झालंय, कोणतं कोवळं, कोणत्या कुत्रीला पिल्लं आहेत. मग जाळीवाले दोन्ही बाजूंनी शिरत. मुकादमाचा नियम एकच होता. बोललं ते धरायचं, गप बसलं त्याच्यामागं दिवस घालवायचा नाही.

तक्रारीही तशाच यायच्या. रात्रभर भुंकतं, झोप लागत नाही, पाहुण्यांवर भुंकतं, मुलं दचकतात. कुत्रं गप पडलेलं असतं हो, त्याचं काहीतरी करा, अशी तक्रार घेऊन आजवर कोणी पालिकेची पायरी चढलेलं नाही.

सुरुवातीला धरलेलं कुत्रं परत येत नसे. मग कायदा बदलला. धरायचं, ऑपरेशन करायचं, डाव्या कानाची कोर कापायची आणि जिथून आणलं तिथंच सोडायचं. लोकांना वाटलं आता काय उपयोग, कुत्री तर परतच येतात. पण परत आलेल्यांचा वंश तिथंच थांबत होता. ती जगत तोवर भुंकत राहत आणि म्हातारी होऊन मरत.

अशी वर्षांवर वर्षं गेली. जुना मुकादम गेला, नवा आला. तो भुंक्याला काका म्हणायचा. नियम मात्र तोच राहिला.

एका सकाळी भुंक्या एका गल्लीच्या तोंडाशी भुंकला आणि दोनच कुत्र्यांनी ओ दिली. दोघांचेही कान कापलेले. बाकीची पाचसहा भिंतीच्या कडेला पडलेली होती. तरणीताठी, अख्ख्या कानांची. त्यांनी डोळे उघडले, त्याच्याकडं बघितलं, आणि तशीच पडून राहिली. जाळीवाले जवळ जाईपर्यंत तिथं कोणी नव्हतं. कुठून गेली, कशी गेली, कोणालाच कळलं नाही.

त्याला वाटलं आपला गळा बसला. बायकोनं मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या करायला लावल्या. "आता भुंकणंसुद्धा जमेना का? पालिका घरी बसवेल तुम्हाला, आणि घरात भुंकायचं काम माझ्याकडं आहे," असं म्हणाली. गळा चांगला होता. दुसऱ्या गल्लीत तेच झालं, तिसरीत तेच.

कोंडवाड्यात ऑपरेशनं करणाऱ्या डॉक्टरीणबाई होत्या. हात कोपरापर्यंत धूत होत्या, तेव्हा भुंक्यानं थट्टेनं विषय काढला. "बाई, कुत्री मुकी व्हायला लागलीत. काही साथ आलीय का?"

बाई हसल्या नाहीत. "बियाण्यासाठी कणीस राखून ठेवतात ते कसं बघून ठेवतात?"

"चांगलं भरलेलं."

"तसंच तुम्ही कुत्र्यांचं बियाणं राखलंत."

"मी कुठं राखलं? मी तर धरत होतो."

"तेच म्हणतेय. तुम्ही धरलंत ते संपलं. तुम्हाला सापडलं नाही ते उरलं आणि त्याची पिल्लं झाली. त्या पिल्लांतलं जे भुंकलं ते पुन्हा तुम्ही उचललंत." बाईंनी नळ बंद केला. "लांडगा क्वचित भुंकतो, माहीत आहे? कुत्रं भुंकायला लागलं ते माणसाच्या दारात येऊन. भुंकणाऱ्याला माणसानं जवळ केलं, तुकडा टाकला. म्हणून ते वाढलं. आता भुंकलं की जाळी पडते. मग कोण भुंकेल?"

"म्हणजे मुकीच झाली म्हणा."

"मुकी नाहीत. आपसात सगळं बोलतात. तुमच्याशी बोलायचं बंद केलंय, एवढंच."

भुंक्याला ते आवडलं नाही. पण त्या दिवसापासून तो गाडीतून उतरून भुंकायच्या आधी नुसता उभा राहून बघायला लागला, आणि बाईंचं म्हणणं डोळ्यांसमोर घडायला लागलं. एक कुत्रं ट्रकखाली पडलेलं. ते फक्त कान वळवतं. पलीकडं पोत्यांच्या थप्पीवरचं दुसरं ते बघतं आणि डोकं उचलतं. तिसऱ्याला ही दोन्ही दिसत नाहीत, पण वारा त्याच्याकडं जात असतो. ते नाक वर करतं आणि उठतं. शेपटी हलत नाही. केस उभे राहत नाहीत, ओठ मागं जात नाही, दात दिसत नाहीत. गुरगुरही नाही. पूर्वीचं कुत्रं चावण्याआधी माणसाला पळायला चार संधी द्यायचं. यांनी त्या चारही गिळल्या होत्या.

दवाखान्यात इंजेक्शनं घ्यायला आलेल्या माणसांना तो मुद्दाम विचारायचा. सगळे एकच सांगत. "आवाजच आला नाही हो. पोटरीत आधी दात कळले, कुत्रं नंतर दिसलं."

वखारींची गल्ली त्यातली सर्वांत वाईट. दोन्ही बाजूंनी लोखंडी दरवाजे, मधे उभे ट्रक, खाली अंधार. गल्लीच्या या तोंडाला बेकरी आणि त्या तोंडाला चहाच्या टपऱ्या. बायको रोज पहाट सरता सरता टोपली डोक्यावर घेऊन या तोंडानं शिरायची आणि त्या तोंडानं बाहेर पडायची.

तिला काही होत नव्हतं, याचं कारण ती म्हातारी कुत्री होती. डाव्या कानाची कोर गेलेली, एका डोळ्यात मोतीबिंदू, अंगावर केसांपेक्षा खाजवलेल्या जागा जास्त. बेकरीच्या फाटकावर बसायची आणि गल्लीत काही हललं की तिथूनच भुंकायची. भुंकली की बायकोचं पाऊल आपोआप थांबायचं. ती टोपली सावरायची, वाकून दगड उचलायची. ट्रकखालची उठलेली पुन्हा बसायची. बदल्यात बायको तिला करपलेल्या पावाची कड टाकायची आणि वर शिव्या द्यायची, "सटवे, कान किटले गं तुझ्यानं." आपण कोणाच्या भरवशावर चालतोय हे बायकोच्या गावीही नव्हतं. भुंक्याच्या होतं.

आणि परवा तक्रार आली. बेकरीच्या वरच्या मजल्यावर नवीन भाडेकरू राहायला आला होता. त्याची झोपमोड होत होती.

"काका, बेकरीपुढची एक कुत्री उचलायची आहे," मुकादम म्हणाला.

"तिचा कान कापलेला आहे. तिला उचलता येत नाही."

"आजारी म्हणून उचला. खरूज आहे ना तिला? खरूज म्हणून आणा, आणि ठेवून घेऊ तिकडंच."

"खरूज काय, माझ्या पाठीलाही आहे."

"मग तुम्हीही बसा मागं गाडीत. जागा आहे." मुकादम हसला, पण मग म्हणाला, "काका, वरून फोन आलाय. तुम्ही नाही गेलात तर दुसऱ्याला पाठवतो. तो फास लावून ओढत आणेल. तुम्ही गेलात तर निदान सरळ येईल."

तो गेला. दुपारी बायको घरी असते हे बघूनच गेला. गल्लीच्या तोंडाशी उभा राहून सवयीनं भुंकला. ट्रकखालून काही आलं नाही. पोत्यांवरून काही आलं नाही. अख्ख्या गल्लीत एकटी म्हातारी उठली, आणि मान वर करून तिनं ओ दिली. तिथंच सापडली. कोंडवाड्यापर्यंत गाडीत भुंकत होती.

हे सगळं बायकोला सांगायचं म्हणजे त्याच्या जिवावर आलं होतं. तो फक्त म्हणाला, त्या गल्लीनं जाऊ नकोस. तिनं ऐकलं नाही. ऐकावं असं कारणच त्यानं दिलं नव्हतं.

सकाळी ती निघाल्यावर तो मागोमाग निघाला. थंडी होती. बेकरीच्या भट्टीचा धूर गल्लीत शिरून खालच्या खालीच तरंगत होता. बायको फाटकाशी थांबली. पावाची कड हातात धरून तिनं इकडं तिकडं बघितलं. "सटवे," तिनं हाक मारली. "कुठं तडफडलीस?" मग कड फाटकाच्या दगडावर ठेवली आणि पदर खोचून गल्लीत शिरली. गल्ली गप होती. नवऱ्यानं शिकवलं होतं, गप असेल तर खुशाल जा. ती खुशाल चालली होती.

भुंक्या गल्लीच्या तोंडाशी पोचला तेव्हा ती अर्ध्यात होती. पहिल्या ट्रकखाली एका कानानं दिशा बदलली. पोत्यांवरून एक उतरलं, पण पंजे टेकल्याचा आवाज आला नाही. तिसरं दरवाजाच्या फटीतून आलं, चौथं आणि पाचवं कुठून आलं ते त्याला दिसलंच नाही. सगळी कुत्री बायकोच्या मागं चालायला लागली. एका ओळीत, ती थांबली की थांबत, ती चालली की चालत. टोपलीतल्या गरम पावाचा वास मागं येत होता, पण त्यांची नाकं वर नव्हती. त्यांचे डोळे तिच्या पायांवर होते.

त्याला तिला हाक मारायची होती. तोंड उघडलं आणि भुंकणं बाहेर पडलं. इतक्या वर्षांच्या गळ्याला दुसरं काही सुचलंच नाही.

ओळ जागच्या जागी थिजली. मग बघता बघता विरघळली. एक ट्रकखाली, एक फटीत, एक भिंतीला चिकटून. त्याचं भुंकणं म्हणजे जाळी, हे त्यांच्या आयांनी त्यांना नुसतं दबून बसून शिकवलेलं होतं. त्याच्या आवाजाचा त्यांनी आपल्यासाठी इशारा करून टाकला होता.

एक मात्र गेलं नाही. पिवळट रंगाचं, जेमतेम वर्षाचं, दोन्ही कान अख्खे. ते वळलं आणि त्याच्याकडं बघत उभं राहिलं. भुंकलं नाही, सरकलं नाही. जाळी आहे की नाही ते त्यानं बघितलं. भुंक्याचे हात रिकामे होते. मग ते सावकाश, जणू त्याचं इथलं काम झालं, असं ट्रकच्या मागं चालत गेलं.

बायको वळली होती. तिला कुत्री दिसलीच नव्हती, फक्त गल्लीच्या तोंडाशी भुंकणारा नवरा दिसला. "लाज नाही वाटत? या वयात बायकोवर भुंकता?"

"मागं बघू नको आता. टपऱ्यांपर्यंत सरळ जा. मी येतो मागनं."

त्याचा चेहरा बघून ती वळली आणि चालायला लागली. टपऱ्यांशी पोचल्यावर टोपली उतरवली आणि मग विचारलं, "म्हातारी कुठाय?"

त्यानं सांगितलं. पाव मोजून देता देता तिनं ऐकून घेतलं. मग रिकामी टोपली त्याच्या हातात दिली.

"माझ्या डोक्यावरचं छप्पर काढलंत आणि मला सांगितलंत, पावसात जाऊ नको. तोंड नव्हतं का खरं सांगायला? भुंकायला तर आहे."

"वरून फोन होता."

"खालून आता मी सांगते. आणा तिला."

तो आणायला गेला. डॉक्टरीणबाईंनी म्हातारीला बघितलं. खरूज आहे, पण ठेवून घेण्यासारखी नाही, म्हणाल्या, औषध लावलं आणि घेऊन जायला सांगितलं. मुकादमाला मी सांगते, असंही म्हणाल्या. पिंजऱ्याचं दार उघडलं तेव्हा म्हातारी कोपऱ्यात पोट जमिनीला लावून पडली होती. भुंक्यानं जीभ टाळूला लावून आवाज केला. ती उठली, आली. गाडीत येताना मात्र एकदाही भुंकली नाही.

बेकरीच्या फाटकावर बायको वाट बघत उभी होती. दगडावर सकाळची पावाची कड तशीच होती. म्हातारीनं ती हुंगली, खाल्ली आणि आपल्या जागी बसली. त्याच वेळी गल्लीत पोत्यांवरून काहीतरी उतरलं. म्हातारीचा चांगला डोळा तिकडं गेला. मान वर झाली. दोघं नवराबायको तिच्या तोंडाकडं बघत राहिली.

म्हातारीनं भुंक्याकडं बघितलं, मग गाडीकडं. मान खाली घातली, आणि कापलेला कान फक्त त्या दिशेला वळवला.

"शिकली," भुंक्या म्हणाला.

"कोणी शिकवलं?" बायको म्हणाली. त्यानं गाडीचं मागचं दार लावून घेतलं. मग तीच म्हणाली, "उद्यापासून पुढं तुम्ही चालायचं. भुंकत. लोक हसले तर हसू देत."

"आणि ते पिवळं? ते माझ्या भुंकण्याला भीत नाही. त्याची पिल्लं होतील."

"तोवर बघू. उद्या तरी चालायचं आहे ना? मग चाला." तिनं म्हातारीच्या कानाकडं एकदा नीट बघितलं. "आणि मला हे कानाचं वाचायला शिकवा. तुमचं जुनं घोकलेलं सगळं पुसून टाकते."

गाडीतला फोन वाजला. मुकादम होता. म्हातारीचा विषय त्यानं काढला नाही. शाळेच्या मागच्या गल्लीत एका बाईला कुत्रं चावलं होतं. भरदिवसा, कपडे वाळत घालताना.

"भुंकलं होतं का?" भुंक्यानं विचारलं.

"शेजारीपाजारी म्हणतात, काही ऐकलं नाही. का हो काका?"

"काही नाही. येतो."

त्यानं गाडी शाळेच्या मागं लांब उभी केली. जाळी खांद्यावर टाकली. गल्लीच्या तोंडाशी दोरीवरचं एक ओलं पातळ अर्धं वाळत घातलेलं, अर्धं मातीत पडलं होतं. त्यानं तोंडाला हात लावला आणि मग खाली घेतला. न भुंकता, भिंतीच्या कडेनं, कुठला कान वळतो ते बघत तो आत शिरला.